टाकीवरचा जावई

अण्णा,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. खोडलं. आज तो शब्द हाताला येत नाही, आणि तुमच्याशी आता तरी खोटं नको.

काल तुमचं तेरावं झालं. अख्खी वाडी जेवून गेली. पोलादपूरच्या स्टँडवरचे तुमचे जीपवाले आले, महाडचे पाव्हणे आले. जो तो हात धुता धुता एकच म्हणत होता, ‘देवमाणूस गेला.’ मी पंगतीत वाढत होते, आणि दर वेळी माझ्या हातातली पळी भांड्यावर आपटत होती. आई कानाशी येऊन म्हणाली, ‘हळू गो, लोक बघतात.’

लोक बघतात! अण्णा, या दोन शब्दांनी माझी चार वर्षं खाल्ली.

परवा मला मस्कतला परत जायचंय. इथं तुमच्याविषयी वाईट ऐकायला कुणी तयार नाही, आणि माझ्यापाशी सध्या चांगलं फारसं नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते. या वेळी तुम्हाला मध्येच फोन ठेवता येणार नाही.

मी पहिल्यांदा सासर सोडून आले तो दिवस आठवतो का? कळंबोलीहून निघाले होते, हातात एक पिशवी आणि डाव्या कानाखाली सूज. माझा फोन नवऱ्यानं काढून घेतला होता. वीर स्टेशनला उतरले आणि एका रिक्षावाल्याच्या फोनवरून तुम्हाला कळवलं. तुम्ही भरलेली जीप रिकामी करून आलात. काही विचारलं नाहीत. दासगावला गाडी बाजूला घेतलीत, गरम भजी आणलीत आणि कागदासकट माझ्या मांडीवर ठेवलीत. आपण दोघं सावित्रीकडे बघत खात बसलो. मला वाटलं, झालं, सुटले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जीपमध्ये बसवून तुम्ही मला वीरला परत सोडलंत. म्हणालात, ‘संसार हाय. भांड्याला भांडं लागायचंच.’

माझ्या कानाखाली जे लागलं ते भांडं होतं का हो, अण्णा?

दुसऱ्यांदा आले तेव्हाही तेच. या खेपेला तर चहासुद्धा घाईघाईनं. म्हणून तिसऱ्यांदा मी आलेच नाही. पनवेलला एका मैत्रिणीकडे राहिले, वकील गाठला, अर्ज केला. प्रत्येक तारखेला त्याच्या बाजूनं चार माणसं उभी असायची. माझ्या बाजूनं मी आणि माझी पर्स. वाडीतली कुणाची बाई अडली, कुणाला साप चावला, की जेवणावरून उठून गाडी काढणारे तुम्ही; माझ्या तारखेला मात्र दर वेळी गाडीचं काम निघायचं. एवढी कशी हो बिघडायची ती जीप?

निकाल लागला तेव्हा कोर्टाच्या बाहेरूनच फोन केला. ‘अण्णा, झालं. मोकळी झाले मी.’

तुम्ही म्हणालात, ‘आता लगेच वाडीत येऊ नको. मालूशी बोललोय मी.’

मालूआत्या, तुमची धाकटी बहीण. लग्न होऊन मस्कतला गेली ती तिकडचीच झाली. तिचा नवरा, आमचे आतोबा, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपात. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तुम्ही मला धाडून दिलंत. आणि वाडीत काय सांगितलंत? ‘जावयाला मस्कतला नोकरी लागली. पोरगी बी गेली त्याच्यासंगं.’ मला हे तिथं पोचल्यावर आईनं फोनवर सांगितलं, तेही दबक्या आवाजात. ‘तसंच सांगितलंय त्यांनी. तू पण तसंच बोल गो.’

म्हणजे मी घटस्फोट घेतला, आणि तुम्ही माझं त्याच माणसाशी दुसऱ्यांदा लग्न लावलंत. या वेळी मला न विचारता!

दुसऱ्याच्या घरात राहणं काय असतं, हे तुम्हाला कसं कळावं? तुम्ही जन्मभर स्वतःच्या ओटीवर बसलात. मी हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे. तिथं पूर्वी माझी थोरली आतेबहीण अभ्यासाला बसायची. ती वह्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. कुणी काही बोललं नाही, पण ती पंख्याचं बटण जोरात दाबायची तेव्हा मला समजायचं. तहान लागली तरी फ्रीज उघडण्याआधी मी क्षणभर थांबायचे. तिसरी चपाती घेताना आत्याच्या तोंडाकडे बघायचे. एकदा आतोबा आत्याला विचारत होते, ‘अजून किती दिवस गं?’ वाईट आवाजात नव्हते विचारत. भिंत पातळ होती, एवढंच.

आत्यानं त्यांना काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘वैशू, रडायचं ते सकाळी नऊपर्यंत रडून घे. नऊला आपल्याला निघायचंय.’ तिच्या ओळखीच्या एका बाईची बालवाडी होती. तिथं मुलांना भरवायला, धुवायला, झोपवायला मला ठेवून घेतलं. व्हिसाही तिथूनच झाला. डीएड झालेली मी लहान मुलांची नाकं पुसत होते. पण सांगू का? त्या मुलांनी मला ‘तुमचे हे कुठं असतात’ असं एकदाही विचारलं नाही.

मोठ्यांनी विचारलं. आत्याकडे हळदीकुंकू होतं, तिकडच्या पंधरा-वीस मराठी बायका आल्या होत्या. एकीनं मला हसत विचारलं, ‘तुमचे मिस्टर कुठल्या कंपनीत?’ मी तोंड उघडलं आणि तुमचं शिकवलेलं खोटं जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात आत्या ताट घेऊन मधून गेली. ‘मिस्टर नाहीत. घटस्फोट झालाय तिचा. उसळ वाढू का?’

झालं! कुणाच्या हातून वाटी पडली नाही. त्या बाईनं उसळ घेतली, वर आणि मीठ थोडं कमी आहे म्हणाली.

मी न्हाणीघरात जाऊन रडले. लाजेनं नव्हे. तो शब्द इतका साधा म्हणता येतो, आणि माझ्या बापाला तो एकदाही म्हणता आला नाही, म्हणून.

आणि ते रविवारचे व्हिडिओ कॉल! ‘शेजारचं कोणी येतं, गळ्यात घालून बस,’ हा तुमचा हुकूम. खरं मंगळसूत्र मी कोर्टातच परत केलं होतं. आत्यानं तिथल्या रुवीच्या बाजारातून खोटं आणलं आणि दिवाणावर फेकलं. ‘घे तुझ्या बापाचं. माझ्या भावाला वेड लागलंय.’ दर रविवारी मी ते घालायचे, कुंकू लावायचे, तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचे आणि काढून ड्रॉवरमध्ये टाकायचे. तुमची दोन वाक्यं माझ्यासाठी असायची, बाकीची मागं बसलेल्यांना ऐकवण्यासाठी. ‘काय म्हनतात जावईबापू? कामावर गेलेत? बरं बरं.’ तुम्हीच विचारायचात, तुम्हीच उत्तर द्यायचात.

मग मी गाडी शिकायची ठरवलं. आतोबांचं ते वाक्य ऐकल्यापासून मनात होतं, काहीतरी असं करायचं की या घरातून निघून आपल्या पायावर उभं राहता येईल. तिकडे परीक्षेत लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी घालावी लागते. पहिल्या वेळी पिंप पाडलं. दुसऱ्या वेळी दोन पाडली. आत्या म्हणाली, ‘जीपवाल्याची पोर ना तू? कमाल आहे!’ मी तिला सांगितलं, जीपवाल्यानं पोरीला स्टिअरिंगला कधी हात लावू दिला नाही. तिसऱ्या वेळी पास झाले. अण्णा, मी रस्त्यावर नाचले! आत्याच्याही आधी तुम्हाला फोन केला. सगळ्या जगात या गोष्टीचं मोल तुम्हालाच कळेल असं वाटलं.

‘अण्णा, लायसन मिळालं मला!’

तुम्ही खूश झालात, खोटं नाही सांगत. हसलात. मग म्हणालात, ‘ब्येस झाला. जावयानं शिकवली म्हनून सांगतो.’

ज्या माणसानं माझा फोन काढून घेतला होता, त्याला तुम्ही माझं लायसनही देऊन टाकलंत.

त्यानंतर मी बालवाडीची छोटी गाडी चालवायला लागले. पगार वाढला. आत्याच्याच इमारतीत एका केरळी नर्सबरोबर खोली घेतली. माझा फ्रीज! अर्धाच, पण माझा. त्याच वर्षी आईनं सांगितलं की वाडीतल्या बायका अजून उन्हाळाभर खालच्या झऱ्यावरून पाणी आणतात. तो चढ मला ठाऊक आहे. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतही मी दोन हंडे आणून मगच पेपरला गेलेय. मी साठवलेलं सगळं पाठवलं, म्हटलं, झऱ्यावर पंप बसवा, वाडीत टाकी बांधा. तुम्ही उभं राहून काम करून घेतलंत. फोनवर म्हणालात, ‘पोरी, वाडी नाव काढील बघ.’

त्या वर्षी गणपतीला येऊ का विचारलं. आधीच्या दोन्ही वर्षी विचारलं होतं तसंच. ‘यंदा नको. एकटी कशी येशील? लोक इचारतील.’

मी पुन्हा विचारलं नाही. हीच एक चूक माझी. विचारायला नको होतं, सरळ यायला हवं होतं.

तेरा दिवसांपूर्वी सकाळी मुलांना गाडीत बसवत होते. आईचा फोन. ‘अण्णा गेले.’ मी विचारलं, ‘कशानं?’ ती म्हणाली, ‘छातीत पाणी झालं होतं. आठ दिवस महाडला दवाखान्यात होते.’

आठ दिवस! मस्कतहून मुंबईला विमान तीन तासांत येतं, अण्णा. मी दुसऱ्या दिवशी तुमच्या उशाशी बसले असते. ‘मला का नाही कळवलंस?’ मी ओरडले. मागची मुलं गप्प झाली. आई रडत म्हणाली, ‘ते नको म्हनाले. ती एकटी आली तर लोक इचारतील, जावई का नाय आला.’

जो नव्हताच, त्याच्या न येण्याची तुम्हाला लाज वाटली. म्हणून जी होती, तिला येऊ दिलं नाहीत!

चुलतभावानं, महेशनं, अग्नी दिला. मी पोचले तोवर सावडणंही झालं होतं. पोलादपूरला उतरले तेव्हा आईचा फोन आला, ‘गळ्यात घालून ये गो.’ आणि सांगायला शरम वाटते, मी घातलं. परदेशात अकरा मुलांची गाडी चालवणारी चौतीस वर्षांची बाई स्टँडवरच्या संडासात उभं राहून खोटं मंगळसूत्र घालत होती. तुमचा राग येतो त्यातला थोडा माझ्यावरही आहे.

वाडीपर्यंत जीपमध्ये मी उत्तरं पाठ करत होते. ‘रजा मिळाली नाही.’ ‘कंपनीत तपासणी आहे.’ पण कुणीच विचारलं नाही. बायका गळ्यात पडून रडल्या, म्हाताऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला. तीन दिवस झाले, चार झाले. जावई कुठाय, असं एका माणसानं विचारलं नाही! मला आधी वाटलं, दुःखाचं घर म्हणून.

सहाव्या दिवशी सकाळी टाकी बघायला गेले. चांगली बांधलीत तुम्ही, दोन नळ, खाली दगडी ओटा. आणि वर निळ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत, ‘श्री. व सौ.’ आणि त्याचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. ‘(मस्कत) यांजकडून वाडीस सप्रेम भेट.’

त्यातली ‘सौ.’ म्हणजे मी. चार वर्षांपूर्वीच मोडलेल्या लग्नातली सौ.

किती वेळ उभी होते कोण जाणे. शेजारची सोनूकाकी हंडा घेऊन आली. तुमच्याच वयाची ती, म्हशीचं दूध घालायला रोज आपल्या ओटीवर यायची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अक्षरांकडे, मग माझ्या गळ्याकडे.

‘ह्ये आता काढ गो,’ ती म्हणाली. ‘खोटं हाय ते ठावं हाय आमाला.’

‘काय ठाऊक आहे?’

‘सगळं. तुजा तो नवरा गावी आला की महाडच्या बाजारात दुसऱ्या बायकोसंगं फिरतो. पोर असतं त्याच्या खांद्यावर. आमी काय आंधळे हाव? त्याच्या लग्नात तर आपल्याच वाडीच्या पोरांनी बाजा वाजवला!’

मी ओट्यावर बसले. ‘मग कुणी बोललं का नाही?’

‘तुजा बापूस इतक्या हौशीनं सांगायचा, जावयानं ह्ये केलं, जावयानं त्ये केलं. त्याच्या तोंडावर कोन बोलंल? आमी आपलं हो ला हो. त्याला वाईट वाटलं असतं गो.’

त्याला! आणि मला, काकी?

हे मी मोठ्यानं विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘मी सरळ परत आले असते तर काय केलं असतंत तुम्ही सगळ्यांनी?’

ती हंडा नळाखाली सरकवत म्हणाली, ‘काय करनार? म्हस व्याली की खरवस दिला असता तुला. दुसरं काय करनार व्हतो?’

अण्णा, या बाईला घाबरून तुम्ही मला समुद्रापलीकडे पाठवलंत?

घरी येऊन आईला धरलं. ती तांदूळ निवडत होती. ‘लोकांना कळलंय, हे अण्णांना ठाऊक होतं?’ तिनं सूप खाली ठेवलं. ‘टाकीच्या आदल्या वर्षी त्याच्या लग्नाचं कळलं, तवाच समजले होते.’ म्हणजे टाकीच्याही आधी! सगळ्यांना ठाऊक आहे, हे ठाऊक असताना तुम्ही ते नाव रंगवून घेतलंत! मी विचारलं, ‘मग का?’ आई म्हणाली, ‘इतकं बोलून झालं होतं. म्हनायचे, चढावर गाडी मागं घ्यायची नसते. मी पन बोलले नाय. माझी बी चूक हाय.’

मागं घ्यायची नसते? आंबेनळी घाटात समोरून मोठी गाडी आली की दरीच्या कडेकडेनं तुम्ही जीप शंभर पावलं मागं घ्यायचात. मी शेजारी बसून पाहिलंय. समोरचा ड्रायव्हर हात वर करून तुम्हाला सलाम करायचा. तुम्हाला येत होतं, अण्णा. फक्त माझ्यासाठी केलं नाहीत.

काल तेरावं होईपर्यंत मी गप्प बसले, आईसाठी. आज सकाळी महेशला घेऊन टाकीवर गेले. तारेचा ब्रश, पाण्याची बादली. खरवडायला लागले तशा बायका जमल्या. मला वाटलं, आता बोलतील. सोनूकाकीनं पदर खोचला आणि माझ्या हातातला ब्रश घेतला. ‘आन इकडं. रोज त्या मेल्याचं नाव वाचून पानी भरावं लागायचं!’ सगळ्या हसल्या. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या टाकीपाशी, मीही हसले.

महेशनं रंगाचा डबा उघडला. ‘ताई, आता काय लिहू? वैशाली आणि पुढं अण्णांचं नाव?’

आई मागं उभी होती. म्हणाली, ‘लाव गो बापाचं.’

मी नाही म्हटलं. नवऱ्याचं नको आणि बापाचंही नको. त्यानं नुसतं ‘वैशाली’ लिहिलं. त्याचं अक्षर जरा तिरकं आहे. आई बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिनं हंडा पुढं सरकवला आणि पहिलं पाणी भरलं. ते खोटं मंगळसूत्र मी तिथल्याच उकिरड्यात टाकलं.

आता शब्द देते, तो ऐका. यापुढं दर गणपतीला मी येईन. पोलादपूरच्या स्टँडवर सगळ्यांदेखत उतरेन, आणि कुणी विचारलं तर दोन शब्दांत सांगेन. पावसाळा संपला की आईला दोन महिने आत्याकडे नेईन. तिला या घरात तुमच्या फोटोसमोर एकटी बसू देणार नाही.

आणि एक. तुमच्याविषयी मी कधी खोटं बोलणार नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. माझ्या बालवाडीतली मुलं विचारतात, टीचर, तुमचे बाबा काय करायचे? त्यांना सांगेन, ते घाटात जीप चालवायचे, आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला त्यांनी कधी मागं सोडलं नाही. कुणी मोठ्या माणसानं विचारलं तर पुढचंही सांगेन, की मला सोडलं. दोन्ही खरं आहे. दोन्ही सांगेन.

तुमची, अजून रागावलेली,
वैशाली